पाच वाजून सात मिनिटांनी बुल्मारोकाका वारले

माझ्याइतका व्यवस्थित माणूस आमच्या तेकोलोतेपेक गावात दुसरा नाही. हे मला स्वतःच सांगावं लागतं, कारण दुसरं कोणी सांगत नाही. मी नाबोर. शाळेत संगणक शिकवतो. आणि गेल्या बारा मार्चला, संध्याकाळी पाच ते साडेपाच या अर्ध्या तासात, मी गावातली चार धडधाकट माणसं मारली. बोटसुद्धा न लावता! मी तेव्हा अंगणात बसून तामाले खात होतो.

थांबा, असे डोळे वटारू नका. पहिल्यापासून सांगतो.

सगळ्याच्या मुळाशी आहेत माझ्या सासऱ्यांचे कर्णे. सासरेबुवांचं, म्हणजे एपिग्मेनियोंचं, घर गावात सगळ्यात उंचावर. गच्चीवर चार दिशांना चार लोखंडी कर्णे आणि तिथेच एक टीचभर खोली, माईकची. आमच्या ओहाकाच्या डोंगरात गावागावांत असे कर्णे आहेत. कोणी डुक्कर कापलं, कोणाची गाय हरवली, आज कोणत्या आळीची पाण्याची पाळी, सगळं त्यातूनच कळतं. सासरेबुवा एकतीस वर्षं हेच काम करत होते. पण त्यांचा खरा हातखंडा म्हणजे मयताची खबर!

आधी माईकवर बोटाने तीन टिचक्या. ठक. ठक. ठक. मग एक खोकला. मग, "मंडळी, लक्ष द्या." एवढं बोलून ते थांबायचे, कारण समोरचा डोंगर तेच शब्द परत बोलायचा. डोंगराचं बोलून झालं की मग पुढचं वाक्य. नाव, वय, कोणाचा कोण, केव्हा गेला, कसा होता. शेवटी "कृपया शांतता ठेवा." आणि खरोखर कुत्रीसुद्धा गप्प बसायची. सासरेबुवांनी सांगितल्याशिवाय आमच्याकडे माणूस मेला असं कोणी धरतच नसे. एकदा ते लग्नाला परगावी गेलेले असताना एक जण सकाळी गेला, तर घरच्यांनी दुपारपर्यंत मेणबत्ती लावली नाही. "एपिग्मेनियो येऊ देत, मग बघू," म्हणाले!

तर अशा माणसाच्या घशात गाठ निघाली. शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्रच काढावं लागेल. गावावर आकाश कोसळलं. सासरेबुवांची काळजी होतीच, नाही असं नाही, पण त्याहून मोठी काळजी वेगळी होती. "आता आमची खबर कोण सांगणार?"

आग्रिपिनाआजी, वय एक्याण्णव, सगळ्यांत आधी येऊन उभी राहिली. म्हणाली, "एपिग्मेनियो, माझी आत्ताच सांगून ठेव. यंत्रात भरून ठेव. मी गेले की लावतील."

झालं! दुसऱ्या दिवशी जिन्यावर रांग! बावीस जण! प्रत्येकाने आपापली खबर आपणच सांगितली आणि सासरेबुवांनी गळ्याला शाल गुंडाळून ती आपल्या आवाजात बोलून ठेवली. आठ दिवस चाललं होतं. खोकत होते, पाणी पीत होते, पुन्हा बोलत होते. मी म्हणालो, "बाबा, पुरे आता." तर म्हणाले, "तू यंत्राचं बघ. माणसांचं मी बघतो."

यंत्राचं मी बघितलंच होतं! मी एक प्रोग्रॅम तयार केला होता. संगणकाला कर्णे जोडले आणि आत दोन याद्या केल्या. एक 'नेहमीची कामं'. रोज सहाला सकाळची हाक, गुरुवारी गॅसची गाडी, रविवारी बाजार. दुसरी यादी 'एकदाचीच कामं'. तारीख घाला, वेळ घाला, विसरून जा. ठरल्या मिनिटाला काम होतं आणि यादीतून नाव पुसलं जातं. वीज गेली तर? खाली ट्रकची बॅटरी! थांबणं त्याला ठाऊकच नाही. शाळेतल्या पोरांना मी हे तीनदा समजावून सांगितलं, त्यांनी विचारलं नव्हतं तरी.

एकच अडचण होती, तीही मीच करून ठेवलेली. एकदाच्या कामाला तारीख घातल्याशिवाय यंत्र ते नोंदवूनच घेत नसे. शिस्त म्हणजे शिस्त! आता आग्रिपिनाआजीच्या मरणाची तारीख मी कुठून आणणार?

ऑपरेशनच्या दिवशी, बारा मार्चला, इस्पितळाच्या बाकावर बसल्या बसल्या, तोच संगणक मांडीवर घेऊन, मी ते काम हातावेगळं केलं. सगळ्या फाइली एकदम निवडल्या आणि तारीख घातली पुढच्या वर्षीची, त्याच दिवसाची. संध्याकाळी पाच. म्हटलं, कोणी गेलं की त्याची तारीख अलीकडे ओढू, बाकीच्यांची सवडीने बघू. एका वेळी एकच खबर जावी म्हणून यंत्राने आपणहून सात-सात मिनिटांचं अंतर ठेवलं, नावांच्या एबीसीडीप्रमाणे. मग पडद्यावर आलं, 'चोवीस कामं नोंदवली.' बावीस जणांची चोवीस कशी, हे विचारायचं मला सुचलंच नाही. दोन जास्त आहेत तर असू देत म्हटलं. तेवढ्यात आतून डॉक्टर बाहेर आले, आणि त्यांचं तोंड बघूनच माझी बायको ओदिलिया रडायला लागली.

सासरेबुवा टेबलावरच गेले.

त्यांची खबर कोण सांगणार? सरपंच क्रिसोफोरो हातभोंगा घेऊन चौकात उभे राहिले. "आपले लाडके एपि..." एवढं म्हणाले आणि भोंग्याची बॅटरी संपली! माझ्या सासूबाई, कासिल्दा, नऊ दिवसांच्या प्रार्थनेत एकच वाक्य बोलत होत्या. "एकतीस वर्षं सगळ्या गावाला पोचवलं. याला मात्र कोणी धड पोचवलं नाही." हे मला फार लागलं होतं. आजही लागतं.

पण सकाळची हाक होती. रोज सहाला गच्चीवरून सासरेबुवांचा आवाज यायचा. "उठा तेकोलोतेपेक! सूर्य उठला, तुम्हीच राहिलात. कासिल्दा, कॉफी!" हयात असताना ते रोज माईकवरूनच कॉफी मागायचे, म्हणून तेही भरलं गेलं होतं. सासूबाई दोन कप कॉफी करायच्या, जिना चढून वर जायच्या, एक कप माईकपाशी ठेवायच्या, एक स्वतः प्यायच्या आणि थोड्या वेळाने दुसराही पिऊन टाकायच्या. मला दटावून सांगितलं होतं, "नाबोर, बाकी काय वाटेल ते कर. सहाची हाक गेली तर मी तुझं तोंड बघणार नाही." मी म्हणालो, "आई, जीव गेला तरी ती हाक जाणार नाही."

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. सिरिलो गेला, तोमासा गेली. दोन्ही वेळा मी तारीख अलीकडे ओढली, मधली मोकळी जागा यंत्राने मागची नावं पुढे सरकवून भरून काढली, आणि सासरेबुवांच्या आवाजात खबर गेली. लोक समाधानाने रडले. मी गावातून जरा छाती काढून चालत होतो. आणि बाकीच्यांच्या तारखा? कसल्या तारखा! साफ विसरलो होतो.

बारा मार्च आला. पहिल्या वर्षाची प्रार्थना. अंगण माणसांनी भरलं होतं, चुलीवर मोलेचा तिखट रस्सा रटरटत होता, केळीच्या पानात वाफवलेले मक्याचे तामाले वाटले जात होते. दुपारपासून दरीतून धुकं वर चढत होतं. चारपर्यंत समोरचा डोंगर दिसेनासा झाला, मग चर्च गेलं, मग आमचंच फाटक. सासूबाईंनी गच्चीवरच्या खोलीला सकाळीच कुलूप घातलं होतं आणि किल्ली गळ्यात. "आज कोणाची डुकरं सांगायची नाहीत," म्हणाल्या. मीही सहाची हाक सोडून बाकीची नेहमीची कामं त्या दिवसापुरती थांबवली होती. नेहमीची. दुसरी यादी असते, हे डोक्यातच आलं नाही!

प्रार्थना सांगणाऱ्या देल्फिनाबाई माळ ओढत होत्या. सगळे पुटपुटत होते. आणि वर...

ठक. ठक. ठक.

माझ्या हातातला तामाले तसाच राहिला. मग तो खोकला. कोरडा, ओळखीचा. वर्षभरापूर्वी पुरलेल्या माणसाचा.

"मंडळी, लक्ष द्या."

धुक्यातून, न दिसणाऱ्या डोंगरातून, तेच परत आलं. "...लक्ष द्या."

"आग्रिपिना आज आपल्यातून गेली. वय एक्याण्णव. गावातल्या अर्ध्या लोकांची नाळ हिने कापली. उरलेल्या अर्ध्यांना हिने बदडलं. कृपया शांतता ठेवा."

शांतताच होती. सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. आग्रिपिनाआजी चुलीजवळच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर ताटली, तोंडात घास. तिने सावकाश घास गिळला.

"तरीच," ती म्हणाली. "गुडघा सकाळपासून सांगतच होता."

"आजी, अगं तू जिवंत आहेस!" ओदिलिया ओरडली.

"एपिग्मेनियो कधी चुकला होता का?" आजीने विचारलं.

एकतीस वर्षांत एक नाव चुकलं नव्हतं. दोन बाया तर उठून चालायलाही लागल्या, आजीच्या घरी मेणबत्ती आणि साखर पोचवायला. मयताच्या घरी रिकाम्या हाताने जायची आमच्याकडे पद्धत नाही. आजीने त्यांना हाक मारून सांगितलं, "साखर डब्यात ओता, मुंग्या फार आहेत!"

मला इस्पितळातलं बाक आठवलं. बारा मार्च, संध्याकाळी पाच. सात-सात मिनिटं. मी सासूबाईंकडे धावलो. "आई, किल्ली द्या! यंत्राची गडबड आहे, माझीच चूक आहे, आत्ता थांबवतो!"

सासूबाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर जाऊन बसल्या होत्या. मान वर, डोळे मिटलेले. म्हणाल्या, "वर्षभर रोज तेच तेच बोलत होता. आज नवीन काहीतरी बोलतोय. बोलू दे त्याला."

"अहो, पण लोक..."

"बोलू दे म्हटलं ना!"

ठक. ठक. ठक. पाच वाजून सात मिनिटांनी बुल्मारोकाका वारले. मेस्कलची भट्टी चालवणारे बुल्मारोकाका. "याने गाळलेली प्यायला आणि सरळ घरी गेला असा माणूस नाही," आवाज म्हणाला, आणि डोंगरानेही तेच सांगितलं. काका त्यांच्या घरामागे भट्टीवर होते, त्यांची बायको आमच्या अंगणात होती. तिने जी किंकाळी फोडली ती शेजारच्या गावात ऐकू गेली असेल.

"घाबरू नका!" मी खुर्चीवर उभा राहून ओरडलो. "हे नुसतं यंत्र आहे! एकदाच्या कामांची यादी आहे, तारीख मी घातली होती!"

"मरणाची तारीख तू घातलीस?" कोणीतरी खालून विचारलं. दोन-चार लोकांनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि ते माझ्यापासून लांब सरकले. खरं सांगितलं की असं होतं!

तेवढ्यात फाटकाशी धुकं हललं. त्यातून एक पांढरं गाढव आलं आणि गाढवाच्या मागून, भट्टीच्या राखेने नखशिखांत पांढरे झालेले बुल्मारोकाका. बायका भिंतीला चिकटल्या. देल्फिनाबाई मोठमोठ्याने प्रार्थना म्हणू लागल्या. काकांनी टोपी काढली, सगळ्यांकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "मला कुठे ठेवलंय?"

देल्फिनाबाईंनी प्रार्थनेचा आवाज आणखी चढवला.

"घरी जाऊन बघितलं," काका म्हणाले. "तिथे नाही. म्हटलं, इथे आणलं की काय."

त्यांच्या बायकोने त्यांना आधी चाचपून बघितलं आणि मग असं काही झोडपलं की काका जिवंत आहेत याबद्दल शंका उरली नाही. पण त्यामुळे भीती कमी झाली असं समजू नका. उलट आता लोक मला सोडून वर बघायला लागले. आवाज कुठे आहे, खोलीत की धुक्यात, हेच कळेना. मला यंत्र ठाऊक होतं, एकेक ओळ मी लिहिली होती, तरी मीसुद्धा धुक्यात वर बघत होतो.

"ए झालं, बी झालं," न्हावी एउसेबियो पुटपुटला. "आता सी."

सी म्हणजे सरपंच! क्रिसोफोरो हातातली अधिकाराची काठी घट्ट धरून उभे होते. पाच चौदाला टिचक्या वाजल्या आणि त्यांची खबर सुरू झाली. बावीस जणांत सगळ्यात लांब! शाळेची भिंत यांनी बांधली, पुलाचा कठडा यांनी बसवला, बास्केटबॉलच्या मैदानावर छप्पर यांनी घातलं.

"छप्पर कुठे घातलंय?" मागून आवाज आला.

"छप्पर न घालताच गेले बिचारे," आग्रिपिनाआजी म्हणाली.

सरपंचांचा चेहरा लालभडक झाला. "बंद कर! मास्तर, बंद कर ते!" ते वर बघून गरजले.

"कृपया शांतता ठेवा," वरून आवाज आला.

तो त्यांच्या खबरेचाच शेवट होता हो! पण ती वेळ अशी साधली गेली की सरपंच दोन पावलं मागे सरकले. मग त्यांनी वीज तोडायला माणूस पाठवला. अंगणातला दिवा गेला, सगळ्या गावाचे दिवे गेले, चुलीच्या उजेडात चेहरे लाल दिसायला लागले. आणि पाच एकवीसला, काळोख्या गच्चीवरून, ठक, ठक, ठक. ट्रकची बॅटरी! माझी थांबणं ठाऊक नसलेली ट्रकची बॅटरी!

देल्फिनाबाई वारल्या. त्यांच्या हातातून माळ पडली. "मग माझ्यासाठी प्रार्थना कोण सांगणार?" त्या रडत म्हणाल्या. "गावात मलाच एकटीला पाठ आहे!"

आता मात्र सरपंचांचा तोल गेला. "कुऱ्हाड आणा! दार फोडा, यंत्र फोडा, आतलं सगळं पुसून टाका! एक शब्द शिल्लक ठेवायचा नाही!"

हे ऐकलं मात्र, सासूबाईंनी डोळे उघडले. उठून उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी जिना अडवला. पाच फुटांची बाई. "एक शब्द शिल्लक ठेवायचा नाही?" त्यांनी विचारलं. "सकाळी सहाला मला हाक कोण मारणार मग? तू मारशील, क्रिसोफोरो? तुझ्या त्या भोंग्यावरून?"

"वहिनी, बाजूला व्हा."

"आधी मला तोड, मग दार तोड."

मी मध्ये घुसलो. खरं सांगतो, त्या क्षणी मला रडूच फुटलं. वर्षभर जी हाक जपली ती माझ्याच निष्काळजीपणाने जाणार होती. "सरपंच, पाया पडतो, मी एकेक काम थांबवतो, काही फोडू नका! आई, द्या ना किल्ली!" सासूबाई ऐकेनात, सरपंच ऐकेनात, आणि मागे लोकांचा एकच घोष. "आता ई! ई कोणाचं?"

ई एउसेबियोचं! सगळे त्याच्याकडे बघायला लागले. बावन्न वर्षांचा ठणठणीत न्हावी, उगाच हौसेने रांगेत उभा राहिलेला. त्याने टोपी काढली. एकेकाला मिठी मारत सुटला. "चुकलंमाकलं माफ करा. बुल्मारोकाका, त्या दिवशी कान कापला तो मुद्दाम कापला होता."

पाच अठ्ठावीस. ठक. ठक. ठक.

या वेळी खोकला थांबेचना. बराच वेळ चालला. मग पाण्याचा घोट घेतल्याचा आवाज. सरपंचांच्या हातातली कुऱ्हाड वरच राहिली.

"मंडळी, लक्ष द्या. एपिग्मेनियो आज वारला."

डोंगराने सांगितलं, "...आज वारला."

"मीच तो. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळलेलं बरं. वय एकाहत्तर. एकतीस वर्षं तुमची डुकरं, तुमचं पाणी, तुमची माणसं सांगितली. नाव चुकवलं नाही. आता कासिल्दासाठी दोन शब्द. कासिल्दा, मी रोज माईकवरून कॉफी मागायचो. गावाला वाटतं मला कॉफी आवडते. मला कॉफी आवडत नाही. तू जिना चढून वर यावीस म्हणून मागत होतो. बाकी सगळं ठीक आहे. यंत्र बंद करायला नाबोरला सांगू नका, त्याला फक्त सुरू करता येतं. कृपया शांतता ठेवा."

शांतता होती. कुत्री गप्प होती, चुलीतलं लाकूडसुद्धा तडतडत नव्हतं. मला त्या फाइलीची काहीच कल्पना नव्हती. सगळ्यांची झाल्यावर, त्या आठ दिवसांत केव्हातरी, म्हाताऱ्याने एकट्याने बसून आपलीही भरून ठेवली होती. आणि मी ती बघितलीसुद्धा नव्हती! वर्षभर ती तिथेच पडून होती.

सासूबाई पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "मेल्या, मला तरी कुठे आवडते!"

आणि रडायला लागल्या, हसता हसता. ओदिलियाने त्यांना जवळ घेतलं. सरपंचांनी कुऱ्हाड भिंतीला टेकवली आणि टोपी काढली. सासूबाईंनी चुलीवरून मेणबत्ती पेटवून आणली, पायरीवर लावली. "आता पोचला," म्हणाल्या. "स्वतःच पोचवलं स्वतःला." मग गळ्यातली किल्ली काढून माझ्या हातात दिली. "जा. सहाची सोडून बाकीचं थांबव."

मी चार-चार पायऱ्या चढत वर गेलो. पाच चौतीसला एउसेबियोचं काम थांबवलं. एक मिनिट राहिलं होतं! खाली येऊन सांगितलं, "एउसेबियो, वाचलास!"

तर तो पडलेल्या चेहऱ्याने म्हणाला, "म्हणजे माझी ऐकायलाच मिळणार नाही?"

दुसऱ्या दिवशी गावसभा भरली. मी म्हणालो, सगळ्यांच्या खबरा पुसून टाकतो. मेलेली माणसंच विरुद्ध उभी राहिली! आग्रिपिनाआजी म्हणाली, "माझी छान झालीय, हीच लावायची." सरपंच म्हणाले, "राहू दे, तेवढ्यात छप्पर घालून टाकतो." देल्फिनाबाई आता ओदिलियाला प्रार्थना शिकवतायत. ठराव असा झाला की खबरा राहतील, वाजून गेलेल्या पुन्हा नोंदवायच्या, सगळ्यांच्या तारखा एक वर्ष पुढे ढकलायच्या, खोलीला कुलूप लावायचं आणि किल्ली कासिल्दाबाईंकडे. कोणी वारल्याशिवाय खोली उघडायची नाही. डुकरं-बिकरं सरपंच भोंग्यावरून सांगतील. कारण मास्तरला फक्त सुरू करता येतं, हे आता साऱ्या गावाला ठाऊक झालं होतं.

सहाची हाक अजून चालू आहे. "कासिल्दा, कॉफी!" असं आलं की सासूबाई अंगणातून ओरडतात, "आज चॉकलेट आहे!" आणि दोन कप घेऊन जिना चढतात. दाराबाहेरच बसतात.

एक गोष्ट मात्र मी कोणाला सांगितलेली नाही. त्या दिवशी तारखा पुढे ढकलताना यादीत चोविसावं नाव सापडलं. एन. नाबोर. सासरेबुवांनी माझीही भरून ठेवली होती. आवाज अगदी बारीक करून मी ऐकली. आजीची चार वाक्यांची होती, सरपंचांची चार मिनिटांची. माझी अशी: "नाबोर. ओदिलियाचा नवरा. खुर्च्या आपापल्या आणाव्यात." बस्स! 'कृपया शांतता ठेवा'सुद्धा नाही!

पुसणार होतो. पण आवाज त्यांचा आहे. हात धजला नाही. तिचीही तारीख ढकलली, पुढच्या बारा मार्चवर. आणि पुन्हा घोटाळा नको म्हणून चोख बंदोबस्त केला. 'नेहमीची कामं' या यादीत एक नवं काम घातलं: दरवर्षी, आपोआप, सगळ्यांच्या तारखा एक वर्ष पुढे. आता कोणी काही लक्षात ठेवायची गरजच नाही. फक्त एवढंच आठवत नाही की ते काम मी अकरा मार्चला लावलं की तेरा मार्चला. तेरा असेल, तर बाराला पुन्हा सगळे मेले! वर जाऊन बघावं, तर ठराव आडवा येतो. आणि सध्या गावात सगळ्यांच्या तब्येती ठणठणीत आहेत. आग्रिपिनाआजीचा गुडघासुद्धा बरा आहे म्हणे!